बचावपटूचे आत्मनिवेदन

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मराठी ख्रिस्ती वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे या प्रकारात आपल्या समाजाने मराठी साहित्याला एक अक्षर लेणे दिले. पाश्चात्त्य जगात तर या परंपरेचा उगम संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स'मध्ये शोधला जातो. या थोर पंक्तीत एखाद्या फुटबॉलपटूचे पुस्तक आणून बसवावे, असा माझा मुळीच हेतू नाही. खेळाडूंची आत्मचरित्रे बहुधा दुसऱ्याच्या लेखणीने लिहिलेली, सामन्यांच्या जंत्रीने भरलेली आणि पुढच्या मोसमापर्यंत विसरली जाणारी असतात. तरीही टोनी ॲडम्स या इंग्रज बचावपटूचे 'ॲडिक्टेड' हे १९९८ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र मला समीक्षेच्या योग्यतेचे वाटते. व्यसनाधीन माणसाची कहाणी आपण नेहमी विनाशाची कहाणी म्हणून ऐकतो. येथे ती यशाची कहाणी म्हणून समोर येते, आणि वाचकाची खरी कसोटी तेथेच लागते.

प्रथम या माणसाची कारकीर्द थोडक्यात पाहू. ॲडम्सचा जन्म १० ऑक्टोबर १९६६ रोजी, लंडनच्या पूर्व सीमेवरील रॉमफर्ड येथे झाला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला होता, आणि त्या विजयानंतर जन्मलेल्यांपैकी देशाच्या मुख्य संघात खेळणारा तो पहिला खेळाडू ठरला. शाळकरी वयात तो आर्सेनल या लंडनच्या क्लबात दाखल झाला. नोव्हेंबर १९८३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो संडरलंडविरुद्ध पहिला सामना खेळला आणि त्याच सामन्यात त्याच्या चुकीमुळे प्रतिपक्षाचा गोल झाला. १९८८ साली, एकविसाव्या वर्षी, त्याच्याकडे क्लबचे कर्णधारपद आले, ते २००२ साली निवृत्त होईपर्यंत त्याच्याकडेच राहिले. आर्सेनलसाठी ६६९ सामने आणि इंग्लंडसाठी ६६ सामने, एवढा त्याचा हिशेब आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडू घरे बदलावीत तसे क्लब बदलतात. त्या जगात त्याने सारी कारकीर्द एकाच क्लबात काढली, ही गोष्टही त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकते.

बचावपटूचे काम फुटबॉल क्वचितच पाहणाऱ्या वाचकासाठी जरा उलगडून सांगितले पाहिजे. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येते, तर बचावपटूचे सर्वोत्तम काम म्हणजे जे घडले नाही ते. चेंडू जाळ्यात गेला नाही, धोका निर्माण होण्याआधीच मिटला, सहकाऱ्याची चूक कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी निस्तरली गेली, यात त्याचे यश असते. जॉर्ज ग्रॅहम यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ ते १९९५ या काळात आर्सेनलची बचावफळी याच कौशल्यासाठी गाजली. ली डिक्सन, नायजेल विंटरबर्न, स्टीव्ह बोल्ड आणि ॲडम्स हे चौघे एका रेषेत पुढे सरकत आणि एकाच वेळी हात वर करून ऑफसाइडची मागणी करीत. सरावात या चौघांनी एका दोरीला धरून एकत्र हालचाल करावी, अशी त्यांना शिस्त होती, असे त्या संघातले खेळाडू सांगत आले आहेत. दोरीतला मधला माणूस म्हणजे ॲडम्स. आरडाओरडा करून रेषा पुढेमागे करणारा, चुकलेल्याला खडसावणारा आणि त्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा. १९९०-९१ च्या मोसमात आर्सेनलने लीगचे ३८ सामने खेळून केवळ १८ गोल स्वीकारले, एकच सामना गमावला आणि विजेतेपद मिळवले.

तो एकमेव पराभव २ फेब्रुवारी १९९१ रोजी चेल्सीविरुद्ध झाला. त्या दिवशी संघाचा कर्णधार मैदानावर नव्हता. तो तुरुंगात होता.

मे १९९० मध्ये ॲडम्सने दारूच्या अमलाखाली गाडी चालवून ती एका घराच्या भिंतीवर आदळली. त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या चौपटीहून अधिक होते. डिसेंबरमध्ये साउथएंडच्या न्यायालयाने त्याला चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. त्यातील निम्मी भोगून तो फेब्रुवारीत चेम्सफर्डच्या तुरुंगातून बाहेर पडला, पुन्हा कर्णधार म्हणून मैदानात उतरला आणि मे महिन्यात त्याने लीगचा चषक उंचावला. या घटनाक्रमाकडे थोडे थांबून पाहावे. अपघात, न्यायालय, तुरुंग, हे तिन्ही टप्पे एखाद्याचे डोळे उघडायला पुरेसे आहेत असे आपणांस वाटेल. ॲडम्सचे डोळे उघडले नाहीत. त्या तुरुंगवासानंतर साडेपाच वर्षे तो पीत राहिला, आणि पुस्तकात त्याने हे लपवलेले नाही. कारण उघड आहे. शिक्षा संपली त्या दिवशी त्याचे कर्णधारपद शाबूत होते, चाहत्यांनी त्याचे स्वागत केले आणि तीन महिन्यांत चषक हाती आला. ज्याला जगाने एवढ्या लवकर क्षमा केली, त्याने स्वतःला प्रश्न विचारावा तरी कशासाठी?

माझ्या मते या पुस्तकाचे मर्म येथे आहे. यश हाच ॲडम्सचा खरा बचाव होता. मैदानावर तो जे करीत असे तेच मैदानाबाहेर त्याचे चषक त्याच्यासाठी करीत होते: धोका जवळ येण्याआधीच परतवून लावणे. प्रतिस्पर्ध्याने विचारावे, त्याआधी उत्तर तयार. मी सरावाला येतो, मी खेळतो, मी जिंकतो, मग माझ्यात दोष कुठे आहे? अंगातली दारू पुरती उतरलेली नसताना आपण सामना खेळलो, हेही त्याने सांगितले आहे. वाचणाऱ्याच्या मनात प्रथम जो विचार येतो तो किळसेचा नसून आश्चर्याचा असतो, की तरीही तो खेळू शकला! हे आश्चर्यच धोक्याचे आहे. त्याच्याभोवतीच्या माणसांनाही तेच वाटत होते आणि त्या कौतुकाच्या आडोशाला आजार वाढत होता.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात त्यांच्या मातेविषयी, संत मोनिकेविषयी, एक लहानशी हकीकत दिली आहे. मोनिका मुलगी असताना तिला घरच्या पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम असे. गंमत म्हणून तिने ओठ लावले, मग घोट घेतले आणि पुढे ती पेलाच्या पेला रिता करू लागली. एके दिवशी घरच्या दासीने भांडणात तिला दारुडी म्हणून टोचले. तो शब्द मोनिकेच्या वर्मी लागला आणि त्या क्षणी तिची सवय सुटली. दासीचा हेतू चांगला नव्हता, पण तिने पाहिलेले खरे होते.

अपमान ॲडम्सच्याही वाट्याला आला. एप्रिल १९८९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने एक गोल केला आणि एक स्वयंगोलही केला. एका लंडनच्या दैनिकाने त्याच्या छायाचित्राला गाढवाचे कान लावून ते छापले. त्यानंतर कित्येक वर्षे परक्या मैदानांवर त्याच्या दिशेने गाजरे फेकली जात आणि हजारो लोक गाढवाचा आवाज काढीत. ही निंदा खोटी होती. दोनच महिन्यांत, २६ मे १९८९ रोजी, आर्सेनलला लीग जिंकण्यासाठी लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोलांच्या फरकाने विजय हवा होता. तो मायकेल टॉमसच्या अखेरच्या मिनिटातील गोलाने मिळाला आणि बावीस वर्षांच्या त्या 'गाढवा'ने चषक हाती घेतला. म्हणजे जग त्याच्यावर जो आरोप करीत होते तो त्याने मैदानावर खोडून काढला आणि जो आरोप खरा होता तो कोणी केलाच नाही. मोनिकेला एक दासी भेटली. ॲडम्सला हजारो निंदक भेटले, परंतु खरे सांगणारे कोणी भेटले नाही. खोट्या निंदेचे मोठे नुकसान असे की तिला उत्तर देण्यात माणसाची सारी शक्ती खर्च होते आणि आपण निर्दोष असल्याची त्याची खात्री अधिकच पक्की होते.

१९९६ च्या उन्हाळ्यात युरोपियन अजिंक्यपदाची स्पर्धा इंग्लंडमध्ये भरली आणि ॲडम्स देशाचा कर्णधार होता. गुडघा दुखावलेला असताना तो खेळला. स्कॉटलंडविरुद्ध त्याच्या चुकीने पेनल्टी गेली, ती गोलरक्षक डेव्हिड सीमनने अडवली. चुका निस्तरणाऱ्याची चूकही कोणीतरी निस्तरावी लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे. २६ जून रोजी वेम्बली येथे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला ॲडम्सने डोक्याने पुढे ढकललेल्या चेंडूवर ॲलन शिअररने गोल केला. पुढे बरोबरी झाली आणि पेनल्टींवर इंग्लंडचा पराभव झाला. स्पर्धा चालू असेपर्यंत ॲडम्सने दारूला स्पर्श केला नव्हता. कर्तव्य संपले त्या रात्री तो पुन्हा पिऊ लागला आणि पुढचे कित्येक आठवडे पीत राहिला. १६ ऑगस्ट १९९६ रोजी त्याने घेतलेला पेला शेवटचा ठरला.

या काळाचे वर्णन हा पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक भाग आहे. स्मृतीत पडलेली भगदाडे, ओले झालेले अंथरूण, मुलांसमोर वाटणारी लाज, या गोष्टी एक कणखर म्हणून ओळखला जाणारा पुरुष सांगतो, आणि त्या सांगताना अलंकार वापरीत नाही. सप्टेंबरमध्ये त्याने संघसहकाऱ्यांसमोर आपण मद्यासक्त असल्याचे जाहीर केले. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, त्याच संघातील पॉल मर्सन याने दारू, अमली पदार्थ आणि जुगार या तिन्ही व्यसनांची जाहीर कबुली दिली होती. कर्णधार तेव्हा गप्प होता. संकोच, भीती, की मर्सनचे प्रकरण वेगळे आणि माझे वेगळे ही समजूत? कदाचित तिन्ही. दुसऱ्याच्या कबुलीत स्वतःचा चेहरा दिसायला वेळ लागतो, हे पापनिवेदन ऐकणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला ठाऊक असते.

ॲडम्स ज्या मार्गाने सावरला तो अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेचा बारा पायऱ्यांचा मार्ग होता. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब यांनी ही चळवळ सुरू केली. दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करणे ही तिची पहिली पायरी. पुढे स्वतःच्या दोषांची यादी करायची, ती परमेश्वराजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ बोलून दाखवायची आणि ज्यांना आपण दुखावले त्यांची शक्य तेथे भरपाई करायची. हे वाचताना आपणांस विवेकपरीक्षण, पापनिवेदन आणि प्रायश्चित्त यांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. सेंट लुईस येथील येशूसंघीय धर्मगुरू फादर एड डाउलिंग यांनाही या पायऱ्या आणि संत इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधना यांच्यातील साम्य जाणवले होते. १९४० साली ते विल्सन यांना जाऊन भेटले आणि पुढे कायम त्यांचे आध्यात्मिक सोबती राहिले. परंतु साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. ही संघटना कोणत्याही पंथाची नाही; 'परमेश्वर' या शब्दाचा अर्थ ती ज्याच्या त्याच्यावर सोपवते. ॲडम्सच्या निवेदनालाही आपण आपल्या श्रद्धेचा पेहराव चढवू नये. तो धर्मांतराची कथा सांगत नाही. एक दिवस, आणि मग आणखी एक दिवस, दारूवाचून कसा काढला याची कथा सांगतो.

आता या पुस्तकाच्या उणिवांकडे वळले पाहिजे.

पहिली उणीव शैलीची. हे पुस्तक इयन रिडली या क्रीडापत्रकाराच्या सहकार्याने लिहिलेले आहे. रिडली स्वतः दारूतून सावरलेले असल्यामुळे त्यांना नायकाचे मन आतून कळते आणि त्याचा पुस्तकाला मोठा लाभ झाला आहे. पण त्यामुळेच अनेक ठिकाणी 'मी' म्हणजे नक्की कोण, असा प्रश्न पडतो. सामन्यांची वर्णने जेथे सुरू होतात तेथे निवेदन वृत्तांताच्या पातळीवर उतरते. जेथे सावरण्याची भाषा येते तेथे सभांमधून घासून गुळगुळीत झालेली शब्दावली येते आणि वैयक्तिक अनुभवाचे टोक बोथट होते. माणसाला जेव्हा दुःखासाठी नवी भाषा मिळते तेव्हा तो ती काही काळ जरा जास्तच वापरतो. ॲडम्सचे तसेच झाले आहे. त्याचे आपले, रांगडे, पूर्व लंडनच्या कामगारवस्तीतले शब्द जेथे ऐकू येतात, तेथे पुस्तक जिवंत होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 'स्मृतिचित्रे'त रेव्हरंड टिळकांसारखा कर्तृत्ववान, लहरी पुरुष आपण त्याच्या पत्नीच्या डोळ्यांनी पाहतो. त्याच्या ध्येयवेडाची किंमत घरातल्या बाईने काय मोजली, हे ती हसतहसत सांगते. 'ॲडिक्टेड'मध्ये नेमका हाच आवाज नाही. ॲडम्सची पहिली पत्नी, त्याची मुले, त्याची आई, ही सारी त्याच्या अपराधभावाच्या प्रकाशात दिसतात, स्वतःच्या प्रकाशात दिसत नाहीत. कबुली देणाऱ्याचा हा नेहमीचा मोह असतो. तो आपल्या पापाचाही नायक होऊन बसतो. मद्यपीच्या घरातली खरी संहिता त्याच्या पत्नीजवळ असते. ती लिहिली जात नाही, म्हणून ती नाही असे समजू नये.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. ज्या संघटनेने त्याला आधार दिला, तिची परंपरा अशी की सभासदाने वृत्तपत्रे आणि जाहीर माध्यमांच्या पातळीवर आपले नाव झाकून ठेवावे. यात लाजेचा भाग नाही; नम्रतेचा आहे. एखादा प्रसिद्ध माणूस पुन्हा घसरला तर त्याच्या नावाने सारा मार्ग बदनाम होऊ नये, हा त्यामागचा शहाणपणा. ॲडम्सने नाव लपवले नाही आणि दोन वर्षांतच आत्मचरित्रही प्रसिद्ध केले. हे घाईचे होते, असे माझे मत आहे. तथापि न्यायाने हेही म्हटले पाहिजे की त्याचा तुरुंगवास आधीच जगजाहीर होता. ज्याचा अपराध चव्हाट्यावर आला, त्याचे सावरणेही चव्हाट्यावर यावे यात काही औचित्य आहे. शिवाय त्याने नुसते पुस्तक लिहिले नाही. २००० साली त्याने 'स्पोर्टिंग चान्स' ही संस्था स्थापन केली आणि व्यसनात सापडलेल्या खेळाडूंसाठी उपचाराची सोय उभी केली. पुस्तकातील कबुलीला या कृतीने जे वजन दिले ते कोणत्याही समीक्षकाला देता आले नसते.

या पुस्तकाची चर्चा करताना एक सोपा बोध काढण्याचा मोह अनेकांना होतो, आणि प्रवचनकार म्हणून तो मलाही झाला होता. तो बोध असा की ॲडम्सने दारू सोडली आणि मग त्याचे भाग्य उजळले. १९९८ चे दृश्य त्याला पूरकच आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये आर्सेन व्हेंगर हे नवे प्रशिक्षक आले. त्यांनी आहार आणि व्यायामाची शिस्त लावली, आणि तिशी ओलांडलेले जुने बचावपटू जणू पुन्हा तरुण झाले. ३ मे १९९८ रोजी एव्हर्टनविरुद्ध सामना संपता संपता बोल्डने चेंडू वरून पुढे टाकला. ॲडम्स एकटाच धावत गेला आणि ज्या पायाचा कोणी भरवसा धरत नसे त्या डाव्या पायाने त्याने चेंडू जाळ्यात धाडला. आर्सेनलने ४-० असा विजय मिळवून लीग जिंकली. एका बचावपटूने दिलेल्या चेंडूवर दुसऱ्या बचावपटूने केलेला तो गोल पाहताना गाढवाचे कान कोणाला आठवले असतील? दोन हात पसरून स्तब्ध उभा असलेला तो ॲडम्स पुढे, डिसेंबर २०११ मध्ये, आर्सेनलच्या नव्या मैदानाबाहेर पुतळ्याच्या रूपाने उभा राहिला.

दृश्य सुंदर आहे, पण हिशेब काय सांगतो ते पाहा. १९९६ पूर्वी, म्हणजे पीत असताना, ॲडम्सने दोन वेळा लीग, दोन वेळा लीग कप, एकदा एफ. ए. कप आणि एकदा युरोपियन कप विनर्स कप, असे सहा मोठे विजय मिळवले. दारू सोडल्यानंतर १९९८ आणि २००२ या दोन वर्षांत लीग आणि एफ. ए. कप मिळून चार. म्हणजे चषकांची मोजदाद केली तर दारूचे पारडे जड होते! आणि पुढे? प्रशिक्षक म्हणून ॲडम्स निर्व्यसनी होता, पण यशस्वी झाला नाही. वायकम, पोर्ट्समथ, अझरबैजानमधील गबाला असा त्याचा प्रवास झाला आणि २०१७ साली स्पेनमधील ग्रनाडा या क्लबाबरोबर सात सामने खेळून त्याने सातही गमावले. जो बोध चषकांवर उभा केला होता तो येथे कोसळतो. व्यसनमुक्तीचा मोबदला यशाच्या नाण्यात मिळतो असे आपण शिकवले, तर पहिल्याच अपयशाबरोबर माणूस पुन्हा पेल्याकडे वळेल, आणि त्याचा दोष आपल्या शिकवणीवर येईल.

याच कारणासाठी २०१७ साली, पुन्हा रिडली यांच्याच सहकार्याने लिहिलेले त्याचे दुसरे पुस्तक, 'सोबर', मला पहिल्यापेक्षा साहित्यदृष्ट्या उणे, परंतु माणूस म्हणून अधिक मोलाचे वाटते. त्यात पडझडीचा थरार नाही, रंगमंचावरील कबुली नाही. क्लबातून झालेली हकालपट्टी आहे, २०१५ साली झालेली हृदयाची शस्त्रक्रिया आहे, नवा संसार आहे, संस्थेसाठी पैसा उभा करण्याची दगदग आहे. आणि या साऱ्यात न प्यालेले दिवस आहेत, एकामागून एक, दोन दशकांचे. अशा दिवसांवर पुस्तक लिहिणे कठीण, कारण त्यांत जे घडले नाही तेच महत्त्वाचे असते. येथे मला पुन्हा बचावपटू आठवतो. त्याचे सर्वोत्तम काम कोणाच्या नजरेस येत नाही, असे मी आरंभी म्हटले होते. आयुष्याच्या उत्तरार्धात ॲडम्स त्याच अर्थाने खेळतो आहे, मात्र आता तो स्वतःच्या यशाचे रक्षण करीत नाही, स्वतःच्या जिवाचे करतो आहे.

हे पुस्तक आपल्या धर्मग्रामातील वाचकांनी का वाचावे, हे सांगून हा लेख संपवतो. आपल्याकडे लग्नघरात, सणासुदीला, बाप्तिस्म्याच्या जेवणात पेल्याला प्रतिष्ठा आहे, आणि त्याबद्दल येथे उपदेश करण्याचा माझा विचार नाही. माझे लक्ष आहे ते एका वाक्याकडे. घरोघरी भेटीला गेल्यावर कधी पत्नी, कधी आई, कधी मोठा भाऊ ते वाक्य उच्चारतो: "फादर, तो घेतो खरा, पण कामावर कधी खाडा करीत नाही." दुसरे एक त्याच जातीचे: "घर त्यानेच तर बांधले." हे बोलणारी माणसे खोटे बोलत नसतात. कामावर जाणे खरे असते, घरही खरे असते. पण ॲडम्सच्या बाबतीत लीगचा चषक जसा खरा होता, तसेच हे खरे असते, आणि त्याचा उपयोगही तसाच होतो. त्याच्याआड आजार सुरक्षित राहतो. कर्तबगारी हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र आहे असे आपण धरून चालतो, आणि ज्या दिवशी नोकरी जाईल किंवा यकृत जाईल त्या दिवसाची वाट पाहत बसतो, जणू विनाश झाल्याशिवाय मदत मागण्याचा अधिकारच नाही.

ॲडम्सने आपली कबुली दिली तेव्हा तो देशाचा नामांकित खेळाडू होता, क्लबचा कर्णधार होता, त्याची नोकरी कोणी काढून घेतली नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला दारू सोडण्याचे काहीच कारण दिसत नव्हते. मला या पुस्तकातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. सारे गमावल्यावर गुडघे टेकणे कठीण असतेच, पण हाती चषक असताना गुडघे टेकणे त्याहून कठीण. मुंबईत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा भरत आल्या आहेत, त्यांपैकी कित्येक चर्चच्या किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या सभाही असतात. तेथे जाण्यासाठी कोणालाही आधी उद्ध्वस्त व्हावे लागत नाही, आणि घरातला पुरुष अजून तयार नसला तरी त्याच्या पत्नीला किंवा मुलाला आपल्यापुरते तेथे जाता येते.

साहित्यकृती म्हणून 'ॲडिक्टेड'ला मी दुसऱ्या श्रेणीतच बसवीन. त्याचे अर्धेअधिक सामने विसरले जातील, त्याची भाषा जागोजागी उसनी आहे आणि ज्या बायकामुलांनी सर्वांत जास्त सोसले त्यांचा आवाज त्यात नाही. परंतु मोनिकेच्या घरातल्या त्या दासीने जे एका शब्दात केले, तेवढे काम हे पुस्तक एखाद्या वाचकापुरते करू शकेल. दासीने ते तुच्छतेने केले. ॲडम्स आपल्या शेजारी बसून, स्वतःकडे बोट दाखवून ते करतो. ज्या घरात "पण कामावर खाडा करीत नाही" हे वाक्य वारंवार उच्चारले जाते, त्या घरात कोणीतरी ते मोठ्याने वाचावे.